मोठ्या डिस्कच्या आधी: रस्ता आणि ट्रॅक दोन्हींसाठी ब्रेकची तयारी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. छत्रपती संभाजीनगरातली तुमची २०१७ची पोलो जीटी टीएसआय तुम्ही वर्षातून दोन-तीन वेळा ट्रॅकवर नेता. गेल्या खेपेला कोइम्बतूरच्या कारी ट्रॅकवर पाचव्या फेरीत पेडल खोल गेले, पिटमध्ये (ट्रॅकलगतच्या थांब्यावर) अर्धा तास उभी केल्यावर ते पुन्हा बरे झाले, आणि आता चार पिस्टनचे कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) व ३१२ मिलिमीटरच्या डिस्क असलेले तयार किट बसवावे का, असे तुम्ही विचारता. शेवटी जाता जाता तुम्ही लिहिले आहे की एरवी हीच गाडी घेऊन तुमच्या पत्नी रोज सकाळी कॉलेजात शिकवायला जातात. माझे सगळे उत्तर या शेवटच्या वाक्याला धरून आहे. शेंद्र्याला २००१मध्ये स्कोडाचा कारखाना सुरू झाला आणि ऑक्टेव्हिया आपल्या शहरात दिसू लागल्या, तेव्हापासून मी प्रामुख्याने युरोपीय गाड्यांच्या ब्रेकचेच काम करत आलो आहे. या काळात ट्रॅकसाठी केलेल्या बदलांमुळे रोजच्या रस्त्यावर कमकुवत झालेल्या जितक्या गाड्या मी पाहिल्या, तितक्या ब्रेक लहान असल्यामुळे अडलेल्या पाहिल्या नाहीत.

आधी 'ब्रेक गेला' म्हणजे नेमके काय झाले, ते पाहू. एकाच शब्दाने आपण दोन वेगळे बिघाड सांगतो. एका बिघाडात पेडल नेहमीच्या उंचीवर आणि घट्ट असते, पाय पूर्ण जोर लावत असतो, पण गाडी थांबत नाही. लाकडाच्या ओंडक्यावर पाय रोवल्यासारखे वाटते. तेथे पॅड त्याच्या सोसण्यापलीकडे तापलेले असते आणि त्याचे घर्षण घटलेले असते. दुसऱ्या बिघाडात पेडल मऊ पडते, खाली जाते, भराभर दोन-तीनदा दाबल्यावर थोडे वर येते. तेथे पॅड आणि डिस्क शाबूत असतात, पण कॅलिपरमधले ब्रेक ऑइल उकळलेले असते. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून पायाचा जोर पिस्टनपर्यंत पोहोचण्याऐवजी बुडबुडे आवळण्यात खर्च होतो. तुम्ही केलेले वर्णन शंभर टक्के दुसऱ्या प्रकाराचे आहे. तुमची डिस्क लहान पडली असे त्यावरून सिद्ध होत नाही. ऑइल जुने किंवा हलके होते, एवढेच सिद्ध होते.

हे ऑइल इतके तापते कसे, याचा हिशेब एकदा मांडून पाहण्यासारखा आहे. माणसांसह १,२०० किलोची गाडी ताशी १२० किलोमीटरने जात असते, तेव्हा तिच्यात सुमारे ६६७ किलोज्यूल गतिज ऊर्जा असते. ताशी ६० किलोमीटरला ती चौथाई, म्हणजे १६७ किलोज्यूल उरते. म्हणजे वळणाआधी वेग निम्मा करताना ५०० किलोज्यूल उष्णता काही सेकंदांत ब्रेकमध्ये उतरते आणि तिचा सुमारे तीन चतुर्थांश वाटा पुढच्या दोन डिस्कवर येतो. या दोन्ही डिस्क मिळून १२ किलो ओतीव लोखंड धरले, तर एका ब्रेकिंगमागे त्यांचे तापमान साधारण ६८ अंशांनी चढते. जालना रस्त्यावर असा जोरदार ब्रेक दिवसातून एखादे वेळी लागतो आणि मध्ये डिस्क थंड व्हायला भरपूर वेळ मिळतो. कारी ट्रॅकची एक फेरी मात्र २.१ किलोमीटरची आहे. सरळ भाग आखूड, वळणे लागोपाठ, त्यामुळे आधीची उष्णता निघून जाण्यापूर्वीच पुढची येऊन पडते. चार-पाच फेऱ्यांत डिस्क चारशे-पाचशे अंशांवर पोहोचणे अगदी स्वाभाविक आहे. तेथून ती उष्णता पॅडमधून, पॅडच्या मागच्या पत्र्यातून, पिस्टनमधून ऑइलपर्यंत झिरपते. ब्रेक वाढवायचे म्हणजे या वाटेवर सर्वांत आधी कोणती कडी तुटते ते शोधून तीच मजबूत करायची.

तुमच्या गाडीत ती कडी ऑइलची आहे. डॉट ४ दर्जाच्या ऑइलचा कोरडा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो, आणि त्यात ३.७ टक्के पाणी मुरल्यावरचा किमान १५५ अंश. डॉट ५.१ साठी हेच आकडे २६० आणि १८० आहेत. ग्लायकॉलवर आधारलेले हे ऑइल हवेतला ओलावा शोषते. होज पाइपच्या रबरातून आणि टाकीच्या झाकणातून तो हळूहळू आत येतच राहतो. आपला प्रदेश कोरडा म्हणून ऑइल टिकते, असे अनेकांना वाटते, पण जून ते सप्टेंबर ओलावा येथेही असतो, आणि दोन-तीन पावसाळे पाहिलेल्या ऑइलची स्थिती कोरड्या आकड्यापेक्षा ओल्या आकड्याच्या जवळची असते. ट्रॅकसाठी वेगळे ऑइल मिळते. मोटुल आरबीएफ ६०० चा कोरडा उत्कलनबिंदू ३१२ अंश आहे आणि ते डॉट ४ असल्यामुळे तुमच्या गाडीतल्या सिलांना चालते. डॉट ५ मात्र सिलिकॉनचे असते, त्याचे नाव ५.१ सारखे दिसले तरी ते या गाडीत कधीही घालू नये. आणखी एक सांगतो: ट्रॅकचे ऑइल वर्षभर ठेवायचे नसते. प्रत्येक ट्रॅक दिवसाच्या आधी आठवड्याभरात ते बदलावे, आणि एकदा उकळलेले ऑइल पेडल बरे वाटले तरी काढूनच टाकावे. तुमच्या गाडीत आत्ता तेच उकळलेले ऑइल असेल, तर किटचा विचार करण्याआधी या आठवड्यात ते बदला, कारण गाडी रोज रस्त्यावर आहे.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी मी माझी गाडी चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर नेली होती. निघण्याआधी वेळ नव्हता म्हणून ऑइल बदलण्याचे काम मी दुसऱ्या एका ठिकाणी दिले, बिलावर 'ब्रेक ऑइल बदलले' अशी नोंद मिळाली, आणि मी विश्वास ठेवला. चौथ्या फेरीत सरळ भागाच्या शेवटी पेडल एकदम गाडीच्या तळापर्यंत गेले. मी गिअर खाली टाकत, पेडल पंप करत कसाबसा वाळूत थांबलो. पिटमध्ये कॅलिपरवरचे, हवा काढायचे निपल सैल करून पाहिले, तर नळीतून चहाच्या रंगाचे ऑइल आणि त्यात मोहरीएवढे बुडबुडे आले; टाकीतले वरचे ऑइल तेवढे स्वच्छ होते. त्या ठिकाणी फक्त टाकी उपसून नवे ओतले होते. तेव्हापासून मी ऑइल स्वतःच्या डोळ्यांसमोर बदलून घेतो आणि तुम्हालाही तेच सांगतो. पारदर्शक नळी लावून प्रत्येक चाकावर जुन्याचा रंग संपून नवा रंग दिसेपर्यंत सोडावे. या आकाराच्या गाडीला पूर्ण बदलासाठी लिटरभर ऑइल हाताशी असावे. डबा सीलबंद असावा, आणि गॅरेजच्या फळीवर अर्धवट उघडी असलेली बाटली कितीही चांगल्या कंपनीची असली तरी नाकारावी. जुन्या गाडीत हवा काढताना पेडल थेट तळापर्यंत दाबू नये, खाली लाकडाचा तुकडा ठेवावा. कारण पेडलच्या जोराने ऑइल ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरची सिले एरवी ज्या भागात जात नाहीत तेथे गंज व गाळ असतो आणि त्यावर घासून ती फाटतात. एबीएसच्या, म्हणजे ब्रेक लावताना चाके अडू न देणाऱ्या यंत्रणेच्या, युनिटमध्ये हवा अडकल्याची शंका असेल, तर स्कॅनर जोडून त्याचे पंप चालवूनच ती काढावी लागते.

दुसरी पायरी पॅडची. येथेच सर्वांत जास्त चुका होतात, कारण दुकानदार पॅडचे कमाल तापमान सांगतो आणि आपण तेवढेच ऐकतो. पॅडला कमाल तापमान असते तसे किमानही असते. पूर्ण रेसिंगचे पॅड शे-दोनशे अंश तापल्याशिवाय नीट धरत नाही. डिसेंबरच्या सकाळी गारठलेल्या गाडीला पहिल्या चौकात रिक्षा आडवी आली, तर असे पॅड अपेक्षेपेक्षा कितीतरी उशिरा पकडेल. शिवाय ते थंड असताना डिस्क खरवडते आणि किंचाळते. पॅडच्या कडेवर किंवा मागच्या पत्र्यावर छापलेल्या ओळीत दोन इंग्रजी अक्षरे जोडीने असतात, ती वाचायची सवय ठेवा. पहिले अक्षर थंड स्थितीतल्या घर्षणाचे, दुसरे तापलेल्या स्थितीतल्या. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, आणि जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. दोन्ही अक्षरे एफ असलेले पॅड थंड आणि गरम दोन्ही स्थितींत बऱ्यापैकी सारखे वागते, आणि घरच्या गाडीला तेच हवे. मात्र ही चाचणी ट्रॅकच्या तापमानापर्यंत जात नाही, म्हणून या अक्षरांवरून ट्रॅकचा अंदाज बांधू नये. तुमच्या वापराला फेरोडो डीएस २५०० किंवा ईबीसी यलोस्टफ अशा मधल्या वर्गातली पॅडे योग्य ठरतात. ती थंडीतही धरतात, पाच-सहा फेऱ्यांचे सत्र सोसतात, आणि त्यांची किंमत म्हणजे थोडी जास्त काळी पूड व कधीतरी हलका आवाज. नकली माल या धंद्यात भरपूर आहे; छपाई अंधुक, पत्र्यावर क्रमांक नाही, किंमत संशयास्पद कमी, अशी जोडी परत करा.

ज्यांना ट्रॅकवर जास्त वेगाने आणि जास्त वेळ चालवायचे असते, त्यांना मी पॅडच्या दोन जोड्या ठेवायला सांगतो: एक रोजची, एक ट्रॅकची, आणि पिटमध्ये बदलायची. ट्रॅक जवळ असेल त्याला हे सोपे असते. आपल्याला येथून कोइम्बतूर किंवा चेन्नई हजार किलोमीटरहून लांब आहे, ग्रेटर नोएडाचा ५.१ किलोमीटरचा बुद्ध सर्किटही तसाच दूर. बहुतेक जण गाडी चालवतच जातात आणि ट्रॅकवर दमलेल्या त्याच ब्रेकवर परत येतात. म्हणून दोन जोड्या ठेवल्या तरी प्रवासाची जोडी नवीकोरी नसावी, आधी नीट बसवलेली असावी.

बसवलेली म्हणजे काय, तेही सांगतो. नव्या पॅडचा एक अतिशय पातळ, एकसारखा थर डिस्कवर चढावा लागतो. पुढचे बरेचसे घर्षण पॅड आणि हा थर यांच्यात होते. त्यासाठी ताशी ८० वरून २० पर्यंत मध्यम जोराचे आठ-दहा ब्रेक लागोपाठ लावायचे, कोठेही पूर्ण थांबायचे नाही, आणि मग दहा-पंधरा किलोमीटर ब्रेकला जवळजवळ हात न लावता गाडी चालवून सगळे थंड होऊ द्यायचे. शेंद्रा-बिडकीन औद्योगिक पट्ट्यातल्या रुंद रस्त्यांवर भल्या पहाटे, मागे-पुढे कोणी नाही हे पाहून, वेगमर्यादेत हे करता येते. शहराच्या वाहतुकीत ते करू नये. डिस्क पूर्ण तापलेली असताना पेडल दाबून गाडी उभी ठेवली, तर पॅडचा ठसा एका जागी उमटतो. नंतर स्टिअरिंग थरथरते आणि सगळे म्हणतात, डिस्क वाकली. मी डायल गेज लावून तपासलेल्या अशा बहुतेक डिस्क वाकलेल्या नव्हत्या. त्यांच्या जाडीत दोन शतांश मिलिमीटरचा फरक होता, आणि तेवढा फरक हाताला जाणवायला पुरतो. उरलेल्यांपैकी अनेकांत डिस्कच्या मागे हबवर गंजाची खपली राहिली होती किंवा पंक्चरवाल्याने हवेच्या गनने बोल्ट वाटेल तसे आवळले होते. तुमच्या गाडीच्या चाकांचे बोल्ट १२० न्यूटन-मीटरला टॉर्क पान्यानेच आवळावेत.

होज पाइपबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. सात-आठ वर्षांचे मूळ रबरी होज असतील तर बदला. स्टीलच्या जाळीचे घेतले तर पेडल अधिक घट्ट लागते, पण थांबण्याचे अंतर त्याने कमी होत नाही. तांब्याचे वॉशर नवे घाला आणि स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून होज कोठे घासत नाही, ताणला जात नाही, हे गाडी जमिनीवर असताना पाहा.

आता डिस्क. तुमच्या गाडीच्या पुढच्या डिस्क आतून पोकळ, हवा खेळणाऱ्या आहेत आणि मधल्या वर्गाचे पॅड व चांगले ऑइल असताना त्या तुमच्या वापराला पुरतील, असे माझे मत आहे. भोके पाडलेल्या डिस्क दिसायला आकर्षक असतात, पण ट्रॅकवर त्यांचा उपयोग कमी आणि धोका जास्त. वाळूजमधल्या एका तरुणाने ओळखीच्या मशीन शॉपमध्ये कंपनीच्याच डिस्कला सीएनसीवर भोके पाडून घेतली होती. काम बाहेरून फार देखणे होते. दोन सत्रांनंतर त्याने डिस्क माझ्याकडे आणली, तेव्हा मी ती कडेवर धरून भोकांतून आत पाहिले. कित्येक भोके आतल्या पडद्यांना अर्धवट चिरत गेली होती आणि कडांना चँफर, म्हणजे तिरका घासलेला काठ, नव्हता. पृष्ठभाग पुसून तडा दाखवणारा लाल रंग लावला, वर पांढरी पावडर फवारली, आणि पाच-सात मिनिटांत एका भोकापासून दुसऱ्या भोकापर्यंत जाणाऱ्या केसासारख्या लाल रेषा उमटल्या. एक रेषा बाहेरच्या कडेपासून बोटभर अंतरावर आली होती. अजून एक सत्र झाले असते, तर डिस्कचा तुकडा सुटून चाकात अडकला असता. तुम्हाला काही वेगळे हवेच असेल तर खाचा असलेली डिस्क घ्या, नाहीतर साधी. वापरलेल्या डिस्कवर उष्णतेच्या बारीक रेषांचे जाळे दिसले तर घाबरू नये, पण ज्या रेषेत नख अडकते किंवा जी कडेपर्यंत पोहोचली आहे, ती डिस्क त्याच दिवशी भंगारात जावी. किमान जाडीचा आकडा डिस्कच्या मधल्या टोपीवर किंवा कडेला कोरलेला असतो. मायक्रोमीटरने मोजून त्याच्याशी ताडून पाहा.

तुम्ही विचारलेल्या किटकडे आता येतो. मोठ्या किटमुळे गाडी लवकर थांबते, हा समज मुळातूनच तपासायला हवा. तुमच्या मूळ ब्रेकनेही ताशी १०० च्या वेगाला पेडल कचकन दाबल्यावर एबीएस सुरू होते ना? तसे होत असेल, तर पहिल्या ब्रेकला अंतर टायर ठरवतो, ब्रेक नव्हे. मोठ्या डिस्कचा खरा फायदा असा की तिच्यात लोखंड जास्त असते, त्यामुळे तेवढ्याच उष्णतेने ती कमी तापते आणि विसाव्या वेळचा ब्रेकही पहिल्यासारखाच लागतो. हा फायदा खरा आहे, पण त्याची दुसरी बाजूही तपासून घ्यावी लागते.

या वर्गातल्या गाड्यांत ५४ मिलिमीटरचा एकच पिस्टन असलेला सरकता कॅलिपर सर्रास आढळतो. त्या पिस्टनचे क्षेत्रफळ सुमारे २,२९० चौरस मिलिमीटर भरते. चार पिस्टनच्या कॅलिपरची तुलना करताना एका बाजूचे दोनच पिस्टन मोजायचे: ३८ मिलिमीटरचे दोन असतील तर २,२६८, म्हणजे जवळजवळ तेवढेच, पण ४४ मिलिमीटरचे दोन असतील तर ३,०४१, म्हणजे तेहतीस टक्के जास्त. पिस्टन मोठे झाले की ते सरकवायला जास्त ऑइल लागते, मास्टर सिलिंडर मात्र जुनाच असतो, आणि पेडल लांब जाते. शिवाय २५६ च्या जागी ३१२ मिलिमीटरची डिस्क आली, की पकडीची त्रिज्या सुमारे पंचवीस टक्क्यांनी वाढते. समजा तुमच्या गाडीत पुढे-मागे ब्रेकचा वाटा ७५ आणि २५ आहे. केवळ डिस्क वाढली तरी पुढचा वाटा ७९ होतो. डिस्कसोबत ४४ चे पिस्टन आले तर ८३. आता पुढची चाके आधी अडतील, एबीएस लवकर जागे होईल, मागची चाके आपल्या वाट्याचे काम करणार नाहीत, आणि लाखाच्या घरातला खर्च करून गाडी आधीपेक्षा लांब थांबेल. किट विकणाऱ्याला दोन प्रश्न विचारा: पिस्टनचे व्यास किती, आणि ते माझ्या मास्टर सिलिंडरला जुळतात कशावरून? आकड्यांत उत्तर मिळाले नाही, तर ते किट घेऊ नका. तुमच्या १५ इंचांच्या रिममध्ये ३१२ ची डिस्क बसणार नाही, म्हणजे रिम आणि टायरही आले, आणि चाकाचे वजन वाढून आपल्या खड्ड्यांच्या रस्त्यावर सस्पेन्शनवर भार पडेल, हेही त्यात धरा.

मागच्या ड्रमबद्दल अनेक जण लाज वाटल्यासारखे बोलतात. हलक्या, पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत मागे एवढे थोडे काम असते की चांगला ड्रम ते बिनतक्रार करतो. मागे डिस्क बसवायला गेलात, तर हँडब्रेक, एबीएसचे गणित आणि ऑइलची गरज तिन्ही बदलते. त्याऐवजी ड्रम उघडून लायनर, चाकाच्या सिलिंडरची गळती आणि ॲडजस्टर पाहा. ॲडजस्टर अडकला असेल, तर पेडल लांब जाण्याचे अर्धे कारण तेथेच सापडते.

हवेने थंड करण्यासाठी बंपरमधून ६५-७० मिलिमीटरचा लवचिक पाइप डिस्कच्या मध्यभागाकडे नेला, तर फरक चांगला पडतो, आणि हे काम खर्चाचे नाही. पण डिस्कमागचा पत्रा कायमचा काढून टाकण्याचा सल्ला मी आपल्या भागात देत नाही. लातूर, बीड, धाराशिवकडे उसाचा हंगाम सुरू झाला की रस्त्यावर चिपाडे, चिखल आणि मुरूम पसरलेला असतो. पत्रा नसेल तर खडा थेट डिस्क आणि पॅडमध्ये जाऊन खोल चरा पाडतो. ट्रॅकच्या पाइपचे तोंडही रस्त्यावर असताना जाळीने झाकून ठेवा.

रस्त्यावरच्या उष्णतेचा स्वभाव वेगळा असतो, हेही लक्षात घ्या. कन्नडचा घाट चाळीसगावकडे उतरताना जोरदार ब्रेक एकही लागत नाही, पण पाय पेडलवर सतत टेकलेला असेल तर डिस्कला थंड व्हायची उसंतच मिळत नाही, आणि मे महिन्यात बेचाळीस अंशांच्या हवेत तर नाहीच. डीएसजी (तुमच्या गाडीचा स्वयंचलित गिअरबॉक्स) मॅन्युअलवर टाकून दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरा. वेग वाढला की ठाम ब्रेक लावा आणि पूर्ण सोडा. समृद्धीवर याच्या उलट होते: ताशी १२० च्या मर्यादेत तासभर ब्रेक लागतच नाही, डिस्क आणि पॅड थंडगार असतात, आणि मग अचानक पहिलाच ब्रेक पूर्ण जोराचा लागतो. थंडीत न धरणारे रेसिंग पॅड येथे घात करते. पावसात लांब अंतर कापताना अधूनमधून पेडल हलके टेकवून डिस्कवरचे पाणी पुसून घ्यावे.

टायरचा खर्च मी किटच्या आधी धरतो. कडेवरचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. आपल्या उन्हात पाच-सहा वर्षांचे रबर खोली शिल्लक असूनही दगडासारखे होते. १८५/६० आर १५ मापात चांगल्या पकडीचे चार नवे टायर घातले, तर पहिल्याच ब्रेकला जो फरक दिसेल, तो कोणत्याही कॅलिपरने दिसणार नाही.

कायद्याबाबत थोडक्यात: मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलापासून गाडीत फेरफार करण्यावर बंधने आहेत. पॅड, ऑइल, त्याच मापाच्या डिस्क हे सुटे भाग बदलणे झाले. कॅलिपर आणि रिमचे माप बदलण्याआधी आरटीओकडे चौकशी करावी आणि विमा कंपनीला लेखी कळवावे. ट्रॅकवर झालेले नुकसान सामान्य विम्यात धरले जात नाही, हेही पॉलिसी उघडून वाचून ठेवा.

मग किट कधी घ्यावे? अंदाजाने ठरवू नका, मोजा. डिस्कच्या बाहेरच्या कडेवर लावायचे उष्णतेचे रंग मिळतात. नेहमीच्या संचातला हिरवा ४३० अंशांना, नारिंगी ५६० ला आणि लाल ६१० ला बदलतो. टेंपरेचर गन वापरत असाल, तर चकचकीत डिस्कवर ती खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवते, हे ध्यानात ठेवा. नवे ऑइल, मधले पॅड आणि हवेचा पाइप लावून एक पूर्ण दिवस चालवा. फक्त हिरवा बदलला, तर तुमचे ब्रेक पुरेसे आहेत आणि पैसे वाचवा. लालसुद्धा प्रत्येक सत्रात बदलत असेल आणि पॅड एका दिवसात संपत असेल, तर डिस्कमध्ये लोखंड कमी पडते आहे; त्या वेळी मूळ पिस्टनइतकेच क्षेत्रफळ असलेले आणि तुमच्या रिममध्ये मावणारे, साधारण २८८ मिलिमीटरपर्यंतचे किट शोधा.

ट्रॅकवर सत्र पाच-सहा फेऱ्यांचेच ठेवा आणि शेवटची फेरी ब्रेक जवळजवळ न वापरता, मोकळ्या वेगाने पूर्ण करा. गाडी तापलेली तशीच उभी केली, तर वारा थांबतो आणि डिस्कमधली उष्णता कॅलिपरमध्ये शिरते. अनेकदा ऑइल पिटमध्ये उभे असतानाच उकळते. पिटमध्ये हँडब्रेक ओढू नका, गाडी पार्किंगवर टाका आणि चाकाला लाकडी ठोकळा लावा. पुढचे सत्र सुरू करताना जागेवरच पेडल दाबून त्याची उंची पाहा. आधीपेक्षा खाली वाटली तर बाहेर पडू नका.

परतीच्या प्रवासाआधी चाक काढून पॅडची जाडी पाहा. घर्षणाचा भाग चार मिलिमीटरपेक्षा कमी उरला असेल, तर सोबत नेलेली रोजची जोडी तेथेच घाला. घरी पोहोचल्यावर आणखी एकदा चारही चाके उतरवा: पिस्टनवरचे रबरी बूट करपलेत का, कॅलिपरच्या पिना बोटाने सरकतात का, डिस्कवर तडा आहे का, होज ओला आहे का, हे बघा आणि ऑइल पुन्हा बदला. मग सकाळी, गाडी पूर्ण गार असताना, पत्नीला किल्ली देण्याआधी स्वतः कॉलनीत एक चक्कर मारून पहिला ब्रेक नीट लागतो ना, ते पाहून घ्या.